एका मायक्रोफोनचा टँगो

चैत्र उतरणीला लागला होता. उसाची पाचटं जळत होती आणि कोल्हापूरच्या छपरांवर काजळी झरत होती. ताम्रवर्ण, तप्त, तृषार्त संध्याकाळ रंगराव साळोख्यांच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. रंगरावांनी तिला आत घेतलं नाही. खिडकी लावली आणि तबकडीवर सुई टेकवली.

टँगो सुरू झाला. शब्द नाहीत, गायक नाही. एक व्हायोलिन, एक अकॉर्डियन. व्हायोलिन रंगरावांचं, अकॉर्डियन थोरल्या भावाचं, आनंदरावांचं. थोरले पौषात गेले. धाकटे मातीलाही गेले नाहीत.

समोर थोरल्यांची शर्वरी बसली होती. साखरपुड्यात तिला नवऱ्या मुलाबरोबर याच सुरांवर नाचायचं होतं.

"किती प्रेम आहे यात, काका! दोघं एकमेकांकडे सरकत येतात. जवळ, आणखी जवळ."

रंगराव हसले. त्या हसण्यात विष होतं, आणि ते वर्षानुवर्षं जपलेलं होतं.

"प्रेम कसलं डोंबलाचं! रेकॉर्डिंगच्या सगळ्या खोलीत एकच मायक्रोफोन. जो पुढं, त्याचाच आवाज मोठा. मी पाऊल टाकलं की तुझा बाप टाकायचा. कोपरानं कोपर ढकलत होतो आम्ही. ऐक नीट."

मग तिला ते ऐकू आलं. रोषारुण, रक्तोष्ण, रुद्र. व्हायोलिन चावत होतं, अकॉर्डियन गुरगुरत होतं. पुढे, आणखी पुढे. ज्यावर अनोळखी जोडप्यांनी डोळे मिटून पावलं टाकली, ते दोन सख्ख्या भावांचं भांडण होतं.

आणि अखेरीला व्हायोलिन एकटं. उन्मत्त, उत्तुंग, उद्धट. अकॉर्डियन कुठेतरी मागे, क्षीण.

"दमला," रंगराव म्हणाले. "हरला तुझा बाप."

या शेवटच्या तुकड्यावर हा माणूस जगला होता. त्याच्याच जोरावर त्याने भावाशी बोलणं टाकलं, वेगळा वाद्यवृंद उभा केला, भावाच्या दारावरून मान वळवून गेला. हरलेल्याकडे जिंकलेल्याने का जावं?

शर्वरी अकॉर्डियनच्या भात्याशेजारी वाढली होती. तिने सुई उचलली, मागे ठेवली, पुन्हा ऐकलं.

"आबा दमले नव्हते, काका. दमलं की भाता सुटतो, सूर पातळ होतो. इथं सूर भरलेला आहे, भात्याला पूर्ण जोर आहे. फक्त लांबून येतोय." तिने तबकडी थांबवली. "आबा मागं सरकले. शेवट तुम्हाला दिला त्यांनी."

रंगरावांच्या कपाळाची शीर तटतटली.

"चालती हो इथनं."

ती गेली. रंगरावांनी शेवट पुन्हा लावला. पुन्हा. कान यंत्राला भिडवून, श्वास कोंडून. पोरगी खरं बोलली होती. सूर भरलेला होता, आणि लांब होता.

"दादा, भीक घातलीस मला?" ते रित्या खोलीवर ओरडले. "कुणी मागितली होती?"

असा संताप त्यांना जन्मात आला नव्हता. जिंकल्याचा जन्मभराचा माज एका क्षणात दान ठरला, आणि ते परत फेकायला समोर कुणी उरलं नव्हतं.

ते उठले. यंत्राकडे तोंड ठेवून एक पाऊल मागे गेले. आणखी मागे. पाठ भिंतीला लागली. तिथून भाऊ ऐकूच येईना. ऐकू येत होतं फक्त स्वतःचं व्हायोलिन: लखलखीत, निर्दय, एकटं. थोरल्यांनी मागे उभं राहून हेच ऐकलं होतं, आणि ऐकत ऐकत त्याला साथ दिली होती.