मला सरळ करू नका

मी नाथसागरातला तरंगता धक्का बोलतोय. पैठणहून थोडं वर, जायकवाडीच्या फुगवट्यात मासेमारी सोसायटीच्या होड्या जिथे लागतात, तिथे मला दोरांनी बांधलंय. खाली हवाबंद पिंपं, वर लोखंडी सांगाडा आणि फळ्या, एवढाच माझा संसार. पाणी चढलं की चढायचं, उतरलं की उतरायचं.

तरुणपणी माझी मोठी ऐट होती. आता पिंपं चिरलीत. मध्यंतरी एका कोपऱ्यात पाणी शिरलं आणि मी कललो. तर सोसायटीतल्या कडूबाने काय करावं? समोरच्या कोपऱ्यावर धोंडा आणून ठेवला! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी पुन्हा कललो, पुन्हा धोंडा आला. दिसायला सरळ राहिलो, पण दर धोंड्यागणिक खाली खाली बसत गेलो.

गेल्या आठवड्यात सोसायटीची बैठक भरली, तीही माझ्याच अंगावर. अध्यक्ष निजामुद्दीनभाईंनी चितेगावच्या एका कारखान्यातून नव्या धक्क्याचा दर आणला होता. शिल्लक अशी, की धक्का तरी घ्यावा नाहीतर जाळी तरी.

"पयले धक्का घेऊ," निजामुद्दीनभाई म्हणाले. "जाळी पुढच्या साली."

"कशाला?" कडूबा उसळला. "जाळ्यांची चाळण झालीय. ह्यो धक्का लई गुणाचा हाय. सारी सोसायटी बसलीय की यावर, बुडाला का?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं कौतुक चाललं होतं आणि माझा जीव टांगणीला लागला होता. कडूबाची सून सायली त्याच चिरलेल्या कोपऱ्यावर मासळीचे क्रेट रचत होती. तिला पोहता येत नाही.

"धोंडे हायेत म्हणून सरळ दिसतोय त्यो," मासळी तोलणारी भागूबाई बोलली.

कडूबाचा पारा चढला. "असं व्हय? मंग बघाच. धोंड्याबिगर बी हालायचा नाय!" आणि तो एकेक धोंडा पाण्यात ढकलू लागला.

माझं खोटं उघडं पडावं असं मलाच किती दिवस वाटत होतं. पण असं नको, त्या पोरीच्या जिवावर नको! पहिला धोंडा गेला, मी तग धरला. दुसरा गेला आणि चिरलेला कोपरा एकदम खाली बसला. क्रेट घसरले. सायली गळ्यापर्यंत पाण्यात.

"मामा!" एवढंच ती ओरडली.

भागूबाईने आडवं पडून तिचा दंड धरला, निजामुद्दीनभाईंनी भागूबाईचे पाय. कडूबा हातात धोंडा घेऊन नुसता उभा. सायली वर आली, खोकली, तेव्हा कुठे त्याने हातातला धोंडा खाली ठेवला.

"धक्काच घ्या," तो म्हणाला. "जाळी मी शिवतो."

ठराव झाला. आता माझ्या तोंडाशी दोर आडवा बांधलाय. होड्या चिखलात लागतात, बायका गुडघाभर गाळातून टोपल्या नेतात आणि मी रिकामा डुलत राहतो. नवा येईल तेव्हा एवढं ऐका: तो कलला, तर त्याला दाबून सरळ करू नका. आधी वाकून खाली बघा.

काल सायली काठावर आली. चावऱ्या कुत्र्याकडे बघावं तशी माझ्याकडे बघत लांबूनच गेली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? तिच्या ओल्या पावलांची मला सवय होती. पण पोरी, अशीच भीत राहा. माझ्यावर पुन्हा पाय ठेवू नकोस.