शनीला वाहिलेले बूट

हरिहर गुरुजींना बायकोचं चालणं पहिल्या दिवसापासून खुपत होतं. अमरावतीत पत्रिका बघणारे, मुहूर्त काढणारे हे गृहस्थ. आणि यांची रमा शाळेतून निवृत्त होते काय, पाठीवर सॅक टाकून बडनेऱ्याच्या रस्त्यानं फेऱ्या मारते काय! वजनाची सवय व्हावी म्हणून सॅकमध्ये तूरडाळीचे पुडे. लोक हसायचे, आणि लोक हसले की गुरुजींचा पारा चढायचा.

"डाळ शिजवाची सोडून गावभर फिरवून काहून राहिली?" ते खेकसायचे.

रमाबाई सॅकमध्ये आणखी एक पुडा टाकत. जन्मभर त्यांनी फळ्यावर युरोपचा नकाशा काढला, आणि स्वतः कधी नागपूरच्या पुढे गेल्या नव्हत्या. आता स्पेनमधली, यात्रेकरू चालतात ती महिनाभराची पायवाट चालायचीच, हे त्यांनी ठरवलं होतं. मंगळवारी मुंबईहून विमान होतं.

खरी मेहनत घेतली होती ती बुटांवर. कोऱ्या बुटांनी आधी टाचा सोलल्या, बोटांना फोड आणले. रक्त निघालं तरी बाईंनी ते सोडले नाहीत. सेमाडोहच्या चढावर, शेतांच्या चिखलातल्या धुऱ्या-बांधांवर चालून चालून आता कुठं ते पायात बसले होते. ऐन वेळी दुसरे घेतले तर चार दिवसांत पाय कामातून जाणार आणि हात हलवत परत यावं लागणार, हे त्या पक्कं जाणून होत्या. गुरुजींनाही ते माहीत होतं.

शनिवारी संध्याकाळी त्या भाजी घेऊन आल्या, तर व्हरांड्यात बूट नाहीत.

"अबोली, माझे बूट कुठं आहेत?"

मुलीनं आत बापाकडे बोट दाखवलं. आतून गुरुजीच बोलले, "शनीले वाहून आलो. साडेसाती आहे तुले. देवळाबाहेर पायातलं टाकलं की पीडा तिथंच राहते. तुझ्या भल्यासाठीच केलं."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. भल्यासाठी म्हणे! साडेसाती काय काल सुरू झाली? शनीची आठवण बरी याच शनिवारी झाली! पिशवी तिथंच टाकून त्या देवळाकडे धावल्या.

देवळाबाहेर टाकलेल्या चपला-जोड्यांचा ढीग होता. त्याला कुणी हात लावत नाही. बाईंनी पदर खोचला आणि उपसायला सुरुवात केली.

"बाई, हात नोका लावू!" तेल विकणारी चतुराबाई ओरडली. "जो उचलते, त्याच्याच मानगुटीवर बसते ते!"

"बसू दे."

एक बूट वरच होता, दुसरा पार तळाशी. बाईंनी तिथंच पायरीवर बसून नाड्या आवळल्या. दर्शनाला आलेली माणसं चार पावलं मागे सरकली.

घरी पोचल्या तर गुरुजी दारात, दोन्ही हात चौकटीला लावून उभे.

"टाकलेली पीडा उचलून आणली तू. ते जोडे फाटकाबाहेर टाक, मंगच घरात ये."

"पीडा कोणाची होती? माझी?"

"घराची! तुझं हे खूळ हेच घराची पीडा आहे."

"मग मीच घेऊन जाते तिले."

बाई अंगणातच थांबल्या. एवढा संसार केला त्या दारात उभं राहून पायातलं काढायचं की नाही, याचा विचार करावा लागत होता. काढले तर सकाळपर्यंत ते पुन्हा नाहीसे होणार. ह्या माणसावरचा विश्वासच उडाला होता.

"अबोली, माझी सॅक आण. पासपोर्ट त्यातच आहे."

"खबरदार, अबोली!"

अबोली बापाच्या हाताखालून वाकून बाहेर आली आणि तिनं सॅक आईच्या खांद्यावर चढवली.

"अकोल्याले केदारकडे जाते," भावाचं नाव घेत बाई म्हणाल्या. "तिथून मुंबईची गाडी."

"अन् परत कधी येशील?" गुरुजींचा आवाज एकदम उतरला होता.

"परत याचं का नाही, ते तिकडे चालता चालता ठरवीन."

गुरुजींनी चौकट सोडली. "बरं, ये आत. बूट घालून ये," ते म्हणाले. तोवर बाई फाटकाबाहेर पोचल्या होत्या.