उजवी हिरडी, डावी हिरडी

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांच्या हिरड्यांतून रोज सकाळी रक्त यायचं, पण त्यांना स्वतःला त्याचं काहीच वाटत नव्हतं. वाटलं ते बायकोला, कारण बेसिन तिला धुवावं लागे. शेवटी तिनेच त्यांना ओढत दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी तोंडात आरसा घातला आणि विचारलं, "तुम्ही दात घासता की भांडी?"

मास्तरांनी उघड्या तोंडाने नुसतं "आँ" केलं.

"हिरडीच्या कडेची घाण जागच्या जागी आहे, आणि हिरड्या मात्र सोलून काढल्यात. मऊ ब्रश, हलका हात, पूर्ण दोन मिनिटं. हात आवरत नसेल तर इलेक्ट्रिक घ्या. जास्त दाबलं की लाल दिवा लागतो असा."

"त्यात कुठला?" बायकोने विचारलं.

"गोल डोक्याचा फिरतो, लांब डोक्याचा थरथरतो. दोन्ही चांगले."

बाईंनी एकाचं नाव घेतलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. झालं असं, की मास्तरांचा मेहुणा मिक्सर-इस्त्रीच्या दुकानात विक्रेता. बातमी कळताच तो संध्याकाळी गोल डोक्याचा ब्रश घेऊन हजर झाला. तोवर बायकोने थरथरणारा आणलाही होता.

"ताई, हा गोल एकेका दाताला कवेत घेतो," मेहुणा म्हणाला. "तुझा नुसता वारा घालतो."

"तुझा ड्रिल मशीनचा धाकटा भाऊ आहे! हिरड्या शिल्लक राहतील का ह्यांच्या?"

भाऊ ऐकेना, बहीण हटेना. जेवण निवत चाललं तसे मास्तर कळवळून म्हणाले, "अगं, उजवीकडे याचा फिरवतो, डावीकडे तुझा. महिन्याने बाई काय तो निकाल देतील. वाढ आता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोल ब्रशला पेस्ट लावली, बटण दाबलं आणि मग ब्रश तोंडाकडे नेला. पेस्ट आरशावर, चष्म्यावर आणि लक्ष ठेवायला शेजारी उभ्या असलेल्या बायकोच्या कपाळावर उडाली.

"अहो, आधी तोंडात, मग चालू!"

"गाडी आधी चालू करतात," मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "गियर मग."

पुन्हा सुरुवात केली. जुन्या सवयीने जोर लावला, तशी लाल दिव्याने डोळे वटारले. लाल दिसताच मास्तरांचा उजवा पाय खाडकन ब्रेकवर गेला. तिथे ब्रेक नव्हता, बायकोचा पाय होता. तिची किंकाळी शेजारपाजारपर्यंत गेली.

त्यानंतर ती दारातूनच पहारा करू लागली. मास्तरांना मात्र तो दिवा मनाला लागला. क्लच अलगद सोडा म्हणून जन्मभर लोकांच्या कानीकपाळी ओरडलेला माणूस आपण, आणि एक ब्रश आपल्याला शिकवतो! ते इतके जपून घासू लागले, की दिव्याला पुन्हा लागायची संधीच मिळाली नाही.

महिन्याने निकालाला तिघंही गेले. बाईंनी तपासलं. "वा! रक्त थांबलंय. दोन्ही बाजू छान, उजवी किंचित जास्तच."

"जिंकलो!" मेहुण्याने टाळी वाजवली.

"कसला जिंकलास? गोल ब्रश डावीकडेच जायचा," बायको म्हणाली. "मी रोज दारातून बघत होते."

"अगं, उजवीकडे! आरशात मला उजवीकडेच दिसायचा."

"तुमच्या उजवीकडे, की आरशातल्या माणसाच्या?"

मास्तरांनी हवेत ब्रश धरल्यासारखं केलं, एकदा इकडे फिरवला, एकदा तिकडे. मग खुर्चीवरून उतरून भिंतीकडे तोंड केलं आणि पुन्हा फिरवून पाहिला. सगळ्या गावाला डावं-उजवं शिकवणाऱ्या माणसाला स्वतःच्या जबड्याचा पत्ता लागेना.

"सोडा हो," बाई म्हणाल्या. "हात हलका झाला आणि दोन मिनिटं घासलंत, त्याचा हा गुण. यातला कुठलाही ठेवा."

"पण भाऊजी, गोलच!" मेहुण्याने आनंदाने जबडा पसरला.

"थांबा, तोंड असंच ठेवा," म्हणत बाई वाकल्या. त्यांच्या कपाळावर आठी पडली. "बसा खुर्चीत. तुम्ही स्वतः कुठला वापरता?"

"मी... साधाच. म्हणजे, घाई नसली तर."

त्याच्या हिरड्या सुजून लाल झाल्या होत्या. बहिणीने तिथल्या तिथे फर्मान काढलं. वाटेत मास्तरांच्या घरून थरथरणारा ब्रश, नवीन डोकं लावून, त्याच्या पिशवीत गेला. दिवसभर गोल ब्रश विकणारा तो बिचारा तोंड मिटून घरी गेला.

दुसऱ्या सकाळी फोन वाजला. बायकोने उचलला, तर पलीकडून नुसतं "थाई, बुळबुळ... खसा भंद..." आणि मागे भुंगा गुणगुणल्यासारखा आवाज.

"अहो, काय म्हणतोय हा? मला तर एक अक्षर कळेना!"

मास्तरांनी फोन कानाला लावला, शांतपणे ऐकलं आणि शिकाऊंशी बोलायच्या आवाजात म्हणाले, "घाबरू नका. तोंडातच राहू द्या. आता बटणावर बोट... अलगद."