दहापैकी दहा

पिठाच्या डब्यावरचा फोन थरथरला, झाकण ताडताड वाजलं, आणि दुपारचं निपचित पडलेलं घर दचकलं. निकितानं पिठाच्या हातानंच फोन घेतला. सोलापूरच्या डॉक्टरीणबाई होत्या.

"आरोहीचं जुळलं! दहापैकी दहा!"

निकिताच्या चार वर्षांच्या लेकाला, शंभूला, थॅलेसेमिया. दर तीन आठवड्यांनी रक्त भरायचं. सुटका एकच, जुळणाऱ्या माणसाची अस्थिमज्जा. तपासायला बोलावलं होतं थोरल्या बहिणीला, आरोहीला, पण चुलतसासरे लिंबाजी ऐकतायत होय! "आमची भावकी एका रक्ताची," म्हणत तामलवाडीतनं जीपभर अकरा गडी नेले. गालात कापसाची काडी फिरवायची, तर अकराही गालांत तंबाखू. नर्सबाई ओरडल्या तसे सगळे नळावर ओळीनं चुळा भरत बसले. जुळला त्यातला एकही नाही. लिंबाजी अजून रुसलेत.

निकिता हसत सुटली, हसता हसता रडली, आणि तिनं सासूचे गाल धरले. "मामी, जुळलं!"

धुरपदाबाईंच्या गालांवर पिठाचे दोन पंजे उठले. त्यांनी फोन हिसकावून स्पीकरवर लावला. "व्हय ओ बाई, एवढी भावकी सोडून ह्या चिमुरडीचंच कसं?"

डॉक्टरीणबाईही रंगात आल्या होत्या. जुळलेल्या दहा खुणा रोगाशी लढणाऱ्या जनुकांच्या, आणि ती निम्मी आईकडून, निम्मी बापाकडून येतात. सख्ख्या भावंडांतही चारात एखाद्याचंच जुळतं. पूर्वी देवी आली, प्लेग आला, पटकी आली. एका साथीतून एका तऱ्हेची माणसं तगली, दुसरीतून दुसऱ्या तऱ्हेची. तगली त्यांना लेकरं झाली, आणि हजारो वर्षांत अशा ढीगभर तऱ्हा टिकून राहिल्या.

"म्हंजी आमच्या ज्वारीतल्या करडईवानी. एक गेलं तर दुसरं हाताशी. लई हुशारीनं पेरलंय की कुणीतरी!"

"पेरलं कुणीच नाही, आजी. मरता मरता जे उरलं ते उरलं."

"असू द्या, असू द्या. आमचं उरलं ना!"

निकितानं शंभूला कडेवर घेतलं, आरोहीला ओढलं आणि चुलीपुढं तिघांनी अशी गिरकी घेतली की परात कलंडली. तव्यावरची भाकरी करपत होती, करपू दे. शंभू खिदळत म्हणत होता, "अजून, अजून!"

नऊ वर्षांची आरोही मात्र मध्येच थांबली. आजीकडं बघितलं, फोनकडं बघितलं, मग आईचा पदर ओढला.

"आई, आमी दोघं अगदी सारखीच निघालो, तर मग नवा रोग आला की आमच्यातलं कोण उरंल गं?"