सोललेले पाच बदाम

आमच्या घरात संध्याकाळच्या प्रार्थनेत प्रत्येकाचं नाव घ्यायची रीत आहे. चाळीस वर्षं ती नावं आमचे हेच घेत आले. हे म्हणजे शांतवन मास्तर, अर्ध्या श्रीरामपूरला पाढे शिकवलेले. देवाजवळ मागायचं ते नावानिशी, मोघम मागायचं नाही, हा यांचा हट्ट. तोवर आमटी गार व्हायची आणि मी चिडायचे.

गेल्या नाताळात यांच्या आठवणीतून आधी नातवंडांची नावं गळाली. मग जॉयचं, आमच्या मुलाचं. उन्हाळ्यात लेकीचं, ग्लोरियाचंही गेलं, तेव्हा ती फोनवर रडली. आता एकच नाव उरलं होतं, हन्ना. माझं. तेवढं तरी टिकावं म्हणून मी बदामांच्या मागे लागले.

शेजारच्या मनकर्णाबाईंनीच सांगितलं, "बाई, रातच्याला भिजवा अन् सकाळी सालं काढून द्या. लई फरक पडतो. आमच्या सासऱ्यांना पडला हुता." मी तीस वर्षं नर्स म्हणून काढलेली, असल्या गोष्टींना नाक मुरडणारी. पण या वेळी सगळी अक्कल गुंडाळून ठेवली.

डॉक्टरांना तेवढं विचारून घेतलं. "जरूर द्या, सिस्टर," ते म्हणाले. "हृदयाला चांगले, कोलेस्टेरॉलला चांगले, पोटही साफ राहतं. पण गेलेली आठवण बदामानं परत येत नाही." शेवटचं वाक्य मी कानाआड केलं.

रोज पाच बदाम सोलून दिले. हे कंटाळले की वेलची घालून दुधात वाटले, रविवारी उपासनेहून आल्यावर शिऱ्यात घातले, कधी तव्यावर भाजून मीठ लावून चहाबरोबर दिले. भाजलेले यांना फार आवडले. गाल भरले, चेहऱ्यावर तरतरी आली. लोक म्हणाले, मास्तर सुधारले. मलाही तसंच वाटायचं, कारण रोज प्रार्थनेच्या शेवटी हे म्हणायचे, "आणि माझ्या हन्नाला सांभाळ, प्रभू." त्या एका शब्दासाठी मी डोळे मिटून बसायचे. बाकीचं काही कानात शिरायचं नाही.

काल यांनी पावसासाठी मागितलं, आजाऱ्यांसाठी मागितलं. मग थांबले. फार वेळ थांबले. माझ्या ओठांवर आलं होतं, हन्ना म्हणा हो, हन्ना. पण बोलले नाही. सांगून वदवलेलं नाव घेऊन मी काय करू?

"आणि प्रभू," हे म्हणाले, "मला रोज बदाम सोलून देते ना, ती बाई फार भली आहे. बिचारीचं कुणी नसावं. तिलाही सांभाळ."

मी आमेन म्हटलं. डॉक्टरांचं ते शेवटचं वाक्य आता मला स्वच्छ ऐकू आलं. ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं, पण हे माझ्याकडेच बघत होते. मी उठले आणि पाच बदाम पाण्यात टाकले.