महिन्याकाठची सरहद्द

“विचारलं तर काय सांगायचं?”

“पर्यटन.”

“आणि राहता कुठे?”

“लेकीकडे, नोव्ही सादला.” रिम्माने खिडकीबाहेरची नजर न हलवता उत्तर दिले आणि मग वळून म्हणाली, “इनोकेंती, मला पोपट समजलास का? दर महिन्याला तोच पूल बघायला कुठला पर्यटक येतो, हे त्या खिडकीतल्या माणसालाच विचारते आज.”

“माई, तेवढं नको,” रादोये गाडी चालवता चालवता ओरडला. “तो एकदा विचार करायला लागला, की माझा धंदा बसलाच समज.”

मिनीबसमधले सगळे हसले. इनोकेंती हसला नाही.

रादोये सोडला तर गाडीत सगळे रशियनच होते. परवान्याशिवाय सर्बियात एक महिना राहता येते. महिना भरत आला की द्रीना नदीवरचा पूल पायी ओलांडायचा, पलीकडे बोस्नियात कॉफी प्यायची आणि परत यायचे. परतीचा शिक्का पडला की नवा महिना सुरू. गाडीतल्या तरुणांनी या प्रकाराला केव्हाच सहलीचे रूप दिले होते. तिकडे मांस चांगले भाजतात, लोकरी मोजे स्वस्त मिळतात, अशी त्यांची चर्चा चाले. रिम्मा आणि इनोकेंतीच्या लेकीला, तायाला, नोकरीमुळे परवाना होता. तिच्या आईवडिलांचा अर्ज अजून अडकलेला होता. रशियातले, पेर्म शहरातले घर विकून झाले होते, त्यामुळे परत जाण्याचा प्रश्न निकालात निघाला होता.

इनोकेंतीचे आयुष्य दाबमापके तपासण्याच्या प्रयोगशाळेत गेले. बाकी सगळे स्थिर ठेवायचे आणि एकच गोष्ट बदलू द्यायची, हा तिथला नियम. महिन्याकाठचा हा प्रवास त्याच्या इच्छेविरुद्ध तशीच एक चाचणी होऊन बसला होता. गाडी तीच, पूल तोच, प्रश्न तेच, कॉफीचे टेबलसुद्धा तेच. बदलत होती फक्त रिम्मा. वसंतात टेबल तिनेच निवडले होते. उन्हाळ्यात तिने कॉफीत दोनदा साखर घातली आणि गोड झाली म्हणून मालकाशी भांडली. गेल्या महिन्यात तिने विचारले, तायाची शाळा किती वाजता सुटते. ताया चाळिशीला आली होती.

यातले काहीही त्याने तायाला सांगितले नव्हते. मोजण्यात चूक होऊ शकते, असे तो स्वतःला बजावी. मात्र चूक सतत एकाच दिशेने होत राहिली तर ती चूक नसते, हेही त्याला पक्के ठाऊक होते.

“गेल्या खेपेला एका आजीला परत पाठवलं म्हणे,” मागे कोणीतरी म्हणाले. “काय उत्तर द्यायचं तेच तिला सुचेना.”

“कोणी पाहिलं?” इनोकेंतीने वळून विचारले.

“ऐकलं.”

ऐकीव, एकच उदाहरण, तेही कोणाचे ते माहीत नाही. असा निष्कर्ष त्याने प्रयोगशाळेत कचऱ्यात टाकला असता. आता मात्र तो त्याच्या मनातून जाईना. रिम्माला बोस्नियात घेतले आणि सर्बियात परत घेतले नाही, तर संध्याकाळी तिला कुठे न्यायचे?

रादोयेने गाडी पुलाच्या अलीकडे उभी केली. “पासपोर्ट ज्याचा त्याने हातात धरायचा. दुसऱ्याचा पुढे केलात, की प्रश्न सुरू. आणि कॉफी सावकाश प्या हं, लगेच पाठ फिरवलीत की खिडकीतला साहेब चिडतो.”

जाताना काही झाले नाही. नेहमीच्या टेबलावर रिम्मा प्रसन्न दिसत होती. तिने केक मागवला, अर्धा त्याच्या बशीत ढकलला आणि म्हणाली, “एवढी मोठी नदी, आणि एक बोट नाही?”

“वर धरण आहे. इथे बोटी चालत नाहीत.”

“मग बंदरावरचे लोक काय करतात?”

“इथे बंदर नाही, रिम्मा.”

तिने मान हलवली. जणू तिला त्याची कीव आली. पेर्मच्या नदीबंदरात तिकीट खिडकीच्या आत तिची सारी नोकरी झाली होती. तो पैसे द्यायला आत गेला. मालकाजवळ सुटे नव्हते. तो शेजारच्या दुकानातून आणेपर्यंत थांबावे लागले. इनोकेंती बाहेर आला तेव्हा खुर्ची रिकामी होती.

त्याने आधी स्वच्छतागृह पाहिले, मग मोज्यांचे दुकान, मग रस्ता. तिचा पासपोर्ट तिच्याकडेच होता. तो पुलाकडे धावला. बऱ्याच वर्षांत तो धावला नव्हता.

“एक म्हातारी बाई? निळा कोट?” बोस्नियाच्या खिडकीतला पोरसवदा शिपाई म्हणाला. “मघाशीच गेली की. घाईत होती. तुमच्या कोण?”

“बायको.”

“मग भांडण झालं वाटतं,” असे म्हणत त्याने इनोकेंतीच्या पासपोर्टावर शिक्का मारला.

रिम्मा पुलाच्या मधोमध कठड्याशी उभी होती. एका देशाने तिला निरोप दिला होता आणि दुसऱ्याने अजून आत घेतले नव्हते. तो तिच्याजवळ पोहोचला आणि त्याने तिचा दंड धरला. तिने तो शांतपणे सोडवून घेतला.

“हात लावू नका,” ती म्हणाली. “बोटीला उशीर झालाय. सगळ्यांनाच थांबावं लागतंय.”

“रिम्मा, मी आहे.”

“कळलं. पण खिडकी उघडल्याशिवाय मी काही करू शकत नाही.”

तिच्या डोळ्यांत राग नव्हता, गोंधळही नव्हता. रोज शेकडो अनोळखी माणसांकडे पाहणाऱ्या नजरेने ती त्याच्याकडे पाहत होती. सर्बियाच्या खिडकीतला माणूस मान उंचावून इकडेच पाहत होता. पुलावर उगाच थांबलेली माणसे त्याला आवडत नसत.

“चल, ताया वाट बघतेय.”

“ताया शाळेत आहे.”

“गाडी सुटेल.”

“मला कुठेही जायचं नाहीये.”

त्याने कठडा घट्ट धरला. खरे सांगून ती हलणार नव्हती. जन्मभर ज्याने आकड्याला आकडा म्हटले, त्याने पहिला सुचला तो आधार घेतला.

“तिकीट खिडकी त्या टोकाला आहे,” तो म्हणाला. “लोक खोळंबलेत. तुम्हाला कामावर पोहोचायला उशीर झालाय.”

तिने कोटाची कॉलर नीट केली आणि ती चालू लागली, इतक्या झपाट्याने की त्याला मागे पडावे लागले. आपण काय करून बसलो हे त्याला कळले तेव्हा ती खिडकीशी पोहोचली होती आणि तो पिवळ्या रेषेच्या मागे होता.

“सर्बियात कशासाठी?” अधिकाऱ्याने विचारले.

“कामावर,” रिम्मा खणखणीत आवाजात म्हणाली. “उशीर झालाय मला.”

पर्यटक म्हणून येणाऱ्याने जे उत्तर कधीही द्यायचे नसते, ते तिने दिले होते, आणि ते इनोकेंतीनेच तिच्या तोंडात घातले होते. अधिकाऱ्याने पेन खाली ठेवले.

“कसलं काम?”

“नदीबंदरावर. तिकिटं.”

अधिकाऱ्याने पासपोर्टावरचे जन्माचे वर्ष पाहिले. मग खाली वाहणाऱ्या रिकाम्या नदीकडे पाहिले. पानांवर ओळीने पडलेले शिक्के तो उलटत गेला; त्यांतले काही त्याने स्वतःच मारलेले असणार. शेवटी त्याने हनुवटीने रेषेकडे खूण केली. “आणि ते कोण?”

रिम्मा वळली. तिने इनोकेंतीला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळले.

“प्रवासी आहेत,” ती म्हणाली. “फार घाबरलेत. त्यांना लवकर मोकळं करा.”

शिक्का पडल्याचा आवाज त्याने ऐकला. त्याची पाळी आली तेव्हा अधिकाऱ्याने कारण विचारले नाही. पासपोर्ट परत देताना तो मान वर न करता म्हणाला, “आजोबा, पुढच्या महिन्यात इथे मी नसेन. बदली झालीय माझी.”

इनोकेंतीने मान डोलावली. पुढच्या महिन्यात त्या खिडकीत दुसराच कोणी असेल, आणि तो कारण विचारेल.

गाडीत तरुण मंडळी मोज्यांचे रंग एकमेकांना दाखवत होती. रादोयेने इंजिन सुरू केले. रिम्मा आधीच खिडकीजवळ बसली होती. शेजारच्या जागेवर तिने आपली पर्स ठेवली होती. इनोकेंती मधल्या वाटेत उभा राहिला. गाडी वळली तेव्हा त्याने सीटच्या पाठीची कड धरली.

“इथे कोणी बसलंय का?” त्याने विचारले.

तिने त्याच्याकडे पाहिले, पर्स उचलून मांडीवर घेतली, आणि त्याला ऐसपैस बसता यावे म्हणून थोडी खिडकीकडे सरकली.

“बसा ना,” ती म्हणाली.