भाता थांबला तेव्हा

१९७४ साल. संक्रांत होऊन पंधरा दिवस झाले असतील. साताऱ्याजवळ, पुण्याच्या रस्त्याला लागून असलेल्या ज्ञानू लोहाराच्या पत्र्याच्या शेडपुढे एक पांढरी फियाट उभी होती. ज्ञानू तिच्या नाकाडावर दोन्ही तळवे टेकून अंगाचा सगळा भार टाकत होता. गाडी दबली, वर आली आणि तिथेच गच्च थांबली.

"शॉकप नवं हायती," तो म्हणाला. "लय कडक. कुणी घातलं?"

"पुण्यात घातले ओ," गाडीचे मालक रायगोंडा पाटील म्हणाले. सांगलीकडचे जैन शेतकरी, मळ्याचा ऊस आणि हळद. काळी टोपी, पांढरंशुभ्र धोतर, आणि डोळ्यांखाली जागरणाची काजळी. "म्हणाला, हे घाला, गाडी पाण्यावरून गेल्यागत जाईल. कुठलं काय. आधी डुलत होती, आता टोचतीया. मालकिणीला तर खड्डा आला की हुंदका येतोय."

मालकीण मागच्या सीटवर होत्या. चंदनबाला त्यांचं नाव. वय असेल तिशीचं. मणक्याचं हाड सडत चाललं होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी मानेपासून कमरेपर्यंत प्लास्टरचं चिलखत घालून दिलं होतं आणि सांगितलं होतं, सहा महिने हादरा बसता कामा नये, हाड जुळून येईल. नाही जुळलं तर पाय जातील.

शेडच्या दारात ज्ञानूची बायको चंद्राबाई भात्याच्या चाकाला तेल घालत होती. तिने त्या बाईकडे पाहिलं. बाई समोरच्या रस्त्याकडे बघत ताठ बसली होती, दुसरं काही तिला करताच येत नव्हतं.

"बाईंनी बसूनच ऱ्हावं," ज्ञानू म्हणाला. "ज्याच्यापायी गाडी बसवायची ते मानूस गाडीत पायजे." ही त्याची जुनी पद्धत. रिकामी गाडी मापून तो कधी काम घेत नसे. त्याने चाकाच्या कमानीखाली वीत लावली, बोटं मोजली. "आता सांगा, काय करायचं?"

"मऊ करा. आणि दोन इंच खाली आणा."

"दोनी न्हाई मिळत, पाटील."

शेडच्या भिंतीवर खिळ्याला जुन्या स्प्रिंगा टांगलेल्या होत्या. त्यातली एक जोडी त्याने चाचपून काढली. "ही भंगारातल्या फियाटची. बसकी हाय, मऊ हाय. गाडी खाली येईल. पर ह्या कडक शॉकपाखाली ही दबली की वरच येनार न्हाई. चार खड्ड्यांत बूड टेकंल. शॉकप तगडा आसंल तर स्प्रिंग बी तशीच तगडी पायजे. तुमचीच काढतो, दीड वेटोळं कापतो, फिरून पानी देतो. खाली बी येईल, शॉकपासंगं जमंल बी. पर मऊपना थोडा जाईल. नाहीतर हाय तेवढी उंच ठिवा, मी जुनं शॉकप शोधतो. खाली पायजे का मऊ, येक सांगा."

रायगोंडांनी मागच्या सीटकडे पाहिलं. उत्तर गाडीतून आलं.

"खाली करा."

"अगं, पण दुखंल..."

"दुखतंय ते सोसतंय," चंदनबाला रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली. "चार गडी धरून उचलत्यात ते सोसत नाही. दोन इंच खाली आली तर पाटावरून माझी मी सरकून बसीन."

ज्ञानूने मान हलवली. चंद्राबाईला वाटलं, या बाईचं आणि आपलं आधीपासूनचं काही नातं आहे.

शेजारच्या गॅरेजमधला केरबा मिस्त्री जॅक घेऊन आला. हात चांगला होता त्याचा, पण तोंडात तीळ भिजत नसे. साताऱ्यात सकाळी कुणाच्या गाडीचं काय मोडलं ते दुपारपर्यंत कोरेगावच्या बाजारात ठाऊक होई ते त्याच्यामुळेच. माप झालं होतं, तेव्हा शेडमागच्या लिंबाखाली बाज टाकून चंदनबालाला उचलून तिच्यावर निजवलं. केरबाने चाकं उतरवली, स्प्रिंगा काढून दिल्या आणि विडी पेटवून तिथेच ठाण मांडलं. रायगोंडाही खोक्यावर बसले.

"मी बघत बसलो तर चालंल न्हवं?"

"बसा की," ज्ञानू म्हणाला.

चंद्राबाईने दोघा बघ्यांकडे पाहिलं आणि ती भात्यापाशी जाऊन बसली.

ज्ञानू सतरा वर्षं फौजेच्या वर्कशॉपात होता. स्प्रिंगला पाणी द्यावं ते त्यानेच, असं शिरवळपासून कराडपर्यंतचे ट्रकवाले म्हणत. हे काम हाताचं कमी आणि डोळ्यांचं जास्त. लाल करून तेलात बुडवलेलं पोलाद काचेसारखं कडक होतं. मग ते भट्टीवर तापलेल्या वाळूच्या परातीत ठेवून त्याचा ताठा उतरवायचा. स्प्रिंगवर विटेच्या तुकड्याने घासून चकचकीत केलेल्या पट्टीवर रंग धावत येतात. आधी पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. स्प्रिंग निळ्यावर काढायची. पिवळ्यावर काढली तर ती स्प्रिंग नव्हे, काचेची बांगडी.

आणि चार वर्षं झाली होती, ज्ञानूला रंग दिसत नव्हते. भट्टीने डोळ्यांचा पडदा भाजला होता. डॉक्टर म्हणाले, याला ऑपरेशन नाही. समोर माणूस आहे एवढं कळे, कोण ते आवाजावरून. हे त्या दोघांखेरीज कुणाला माहीत नव्हतं. कळलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून शेडपुढे ट्रक थांबला नसता. लोहाराचं पोट त्याच्या नावावर.

म्हणून रंग चंद्राबाई बघे. शेडमध्ये कुणी नसलं की तोंडाने सांगे. कुणी असलं की बाईने कामात तोंड घालायची सोय नव्हती, तेव्हा ती भात्याने सांगे. पिवळा आला की चाक संथ. जांभळा आला की त्याहून संथ. निळा आला की भाता थांबवायचा. भाता थांबला की ज्ञानूने सांडस घालून स्प्रिंग उचलायची. चार वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. बघणारे म्हणत, नवराबायकोचं काय जमतं बघा, तिचा हात थांबायला आणि याने उचलायला एक गाठ.

पहिली स्प्रिंग निळ्यावर निघाली. मोराच्या मानेसारखा रंग होता. चंद्राबाईला बरं वाटलं.

दुसरी वाळूत ठेवली. उन्हं कलायला लागली होती. रायगोंडा उठून बाहेर सूर्याकडे बघून आले आणि ज्ञानूला म्हणाले, "मिस्त्री, तीनला तरी निघायला पायजे. दिवस बुडल्यावर ती तोंडात पाणीसुद्धा घालत नाही. सकाळी पुण्यातनं निघताना अर्धी भाकरी खाल्लीया तेवढीच. बाहेरचं तिला चालत नाही."

"हे येवढं झालं की केरबा घालतोयच."

पट्टीवर पिवळा उमटला. चंद्राबाईने चाक संथ केलं. आणि त्याच वेळी मागून हाक आली.

"अक्का."

हलकीच हाक. पुन्हा आली, यावेळी घाईची. "अक्का, जरा या की हो."

चंद्राबाईला कळलं. प्लास्टरच्या चिलखतात अडकलेली बाई, सकाळपासून गाडीत अवघडून आलेली, आसपास सगळे पुरुष. जिला चार गड्यांनी उचललेलं सोसत नाही तिने एका अनोळखी बाईला अशी हाक मारावी म्हणजे वेळ किती थोडा आहे हे बायकांनाच समजेल. "आले," म्हणत तिचा हात चाकावरून सुटला आणि ती पदर खोचत मागच्या दाराने धावली. अंगावरची चादर आडवी धरून, जुनं घमेलं सरकवून तिने त्या बाईची लाज राखली. बाईने तिचा हात घट्ट धरला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, आवाज मात्र नव्हता.

"झालं हं, झालं. कुनी बघितलं न्हाई," चंद्राबाई म्हणाली.

ती परत आली तेव्हा परात रिकामी होती. स्प्रिंग ऐरणीशेजारी निवत पडली होती. भाता थांबला होता; निळा आल्यावरच बायको उठली असेल असं धरून ज्ञानूने ती उचलली होती.

चंद्राबाईने पट्टी बघितली. पिवळी. गव्हाच्या काडीसारखी पिवळी, कडेला जेमतेम तपकिरी झाक.

ज्ञानू तिच्याकडे तोंड न वळवता, हातोडा शोधण्याच्या निमित्ताने वाकला आणि पुटपुटला, "कसा हाय?"

केरबा विडी विझवून पुढे सरकला होता. रायगोंडा दारात उभे राहून पुन्हा सूर्य बघत होते. आता परत तापवायचं म्हणजे तासभर. केरबा विचारणार, चांगली झालेली स्प्रिंग परत का? तुमाला दिसलं न्हाई काय? आणि उद्या ते कोरेगावच्या बाजारात. चंद्राबाईच्या डोळ्यांपुढे रिकामी शेड आली आणि बाजेवर बसलेला ज्ञानू आला. कडेला तपकिरी आहे की, तिने मनाशी म्हटलं. अगदीच काही पिवळी नाही. गाडी हलकी, ट्रक थोडाच आहे.

"निळा," ती म्हणाली.

चार वर्षांत ती एवढंच खोटं बोलली.

केरबाने स्प्रिंगा चढवल्या. गाडी खाली आली होती, बरोबर दोन इंच. बाजेशेजारी गाडी लावली, मध्ये पाट ठेवला आणि चंदनबाला कुणाचाही हात न लागता, ओठ चावत, तसूतसूने सरकत आपली आपण सीटवर गेली. मग पहिल्यांदा हसली.

"अक्का, तुमी होता म्हणून," ती काचेतून म्हणाली. "सांगलीला या एकदा."

पुढे काय झालं ते चौथ्या दिवशी कळलं. रायगोंडा एस.टी.ने आले. एकटेच. टोपी हातात होती. पंच्यात गुंडाळलेले स्प्रिंगचे दोन तुकडे त्यांनी ऐरणीवर ठेवले. कराडच्या पुढे पेठनाक्याच्या अलीकडे रस्त्याला मोठा खड्डा होता, फार जोरात गाडी नव्हती. पुढचं एक चाक आदळलं, टणकन आवाज झाला आणि गाडीचं नाक जमिनीला घासत गेलं. बाकी कुणाला खरचटलं नाही. चंदनबालाने फक्त विचारलं, माझे पाय कुठं आहेत बघा, मला लागत नाहीत.

ते रागावले नव्हते. त्याचीच चंद्राबाईला भीती वाटली. "भांडायला आलो नाही," ते म्हणाले. "झालं ते कशानं, तेवढं सांगा. मी घाई केली म्हणून काय?"

केरबाही येऊन उभा राहिला होता. ज्ञानूने तुकडा हातात घेतला, तुटल्या जागेवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिला. मग भात्याकडे तोंड करून, अगदी हळू, म्हणाला, "पिवळा हुता न्हवं?"

"व्हय," चंद्राबाई म्हणाली.

ज्ञानू रायगोंडांकडे वळला. "पाटील, तुमची घाई न्हवं. चूक माजी. मला दिसत न्हाई. चार वर्सं झाली. अंदाजानं काढली मी."

"आवं..." चंद्राबाई पुढे झाली.

"तू गप," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. आयुष्यात तो तिला इतक्या मायेने कधी बोलला नव्हता.

केरबाने खाली मान घातली. रायगोंडांनी पंचा झटकला, खांद्यावर टाकला आणि ते एस.टी.च्या वाटेला लागले. तुकडे तिथेच राहिले. ज्ञानूने भट्टीवर पाणी ओतलं. त्या शेडमध्ये पुन्हा विस्तव पेटला नाही.

ज्याच्या तोंडात काही राहत नसे त्या केरबाने ही गोष्ट मात्र मरेपर्यंत कुणाला सांगितली नाही. ट्रकवाले विचारत, लोहारानं काम का सोडलं? तो म्हणे, पेन्शन मिळतीया, कशाला करंल.

चंदनबाला अकरा वर्षं अंथरुणावर जगली. दर दिवाळीला चंद्राबाई एस.टी.ने सांगलीला जाई, तिला तेल लावून न्हाऊ घाली, केस विंचरी. जाताना दर वेळी ठरवे, या खेपेला सांगायचंच. आणि दर वेळी चंदनबाला तिचा हात धरून तेच बोले, "त्या दिवशी तुमी भाता टाकून आलात, अक्का. सख्खी बहीण आली नसती." चंद्राबाई फणी उचलून पुन्हा केस विंचरायला लागे. सांगायचं होतं ते तिच्याजवळच राहिलं. रायगोंडांनी दुसरं लग्न केलं नाही. फियाट गोठ्याशेजारी उभी राहून गंजली. तिच्यात कोंबड्या अंडी घालत.

ज्ञानू आणखी चौदा वर्षं होता. शेवटी शेवटी उजेड-अंधारही कळेनासा झाला. संध्याकाळी तो शेडपुढे बाजेवर बसे, आणि रस्त्याने जाणाऱ्या ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे आवाजावरून ओळखे. मग तोंड मावळतीकडे करून विचारी, "कसा हाय गं?"

चंद्राबाई हातातलं काम ठेवून आभाळ बघे. नीट बघे.

"पिवळा," ती सांगे. जरा वेळाने, "आता तपकिरी." मग, "जांभळा झालाय."

"ऱ्हाऊ दे अजून," तो म्हणे.

आणि ती निळा म्हणेपर्यंत तो जागचा उठत नसे. आभाळ खरोखर निळं झाल्याखेरीज तिने तो शब्द कधी उच्चारला नाही. ढग असले, रंग नीटसा कळला नाही, की ती सरळ म्हणे, "आज दिसत न्हाई." मग दोघं तशीच बसून राहत.